फुगलेली शीर आणि खचलेले मन : उभ्याने काम करणाऱ्या स्त्रीच्या उपचाराचा प्रश्न

नागपूर असो, इंदूर असो, बडोदे असो वा कोळिकोड; देशातील कोणत्याही मोठ्या बाजारपेठेतील साड्यांच्या नव्या धर्तीच्या दुकानात शिरणाऱ्या गिऱ्हाइकाला एक गोष्ट सहसा जाणवत नाही. गिऱ्हाईक खुर्चीवर बसलेले असते, मालक किंवा त्याचा माणूस गल्ल्यावर बसलेला असतो. उभी असते ती फक्त साड्या उलगडून दाखविणारी बाई. दुकान उघडल्यापासून रात्री शटर खाली येईपर्यंत ती उभीच असते. गिऱ्हाईक नसले म्हणून तिने बसावे असे नाही. रिकाम्या वेळी भिंतीला टेकणे हाही अनेक दुकानांत अपराध ठरतो. बसलेली विक्रेती म्हणजे आळशी विक्रेती, असा व्यापाराचा जुना समज आहे आणि त्याची किंमत मालकाला कधीच मोजावी लागलेली नाही.

ती किंमत कोणत्या अवयवातून वसूल होते हे समजण्यासाठी वैद्यकाची पदवी लागत नाही. हृदयाकडून पायांकडे रक्त येते ते रोहिण्यांतून, हृदयाच्या जोरावर. परतीचा प्रवास नीलांतून, खालून वर करावयाचा असतो आणि त्याचे मुख्य काम पोटरीचे स्नायू करतात. माणूस चालू लागला की पोटरी आवळते, नीला दाबली जाते, रक्त वर ढकलले जाते आणि नीलांतील झडपा त्याला पुन्हा खाली घसरू देत नाहीत. निरोगी माणूस चालत असताना त्याच्या घोट्यापाशी नीलेतील दाब पाऱ्याच्या सुमारे ३० मिलिमीटरपर्यंत किंवा त्याहूनही खाली उतरतो. तोच माणूस निश्चल उभा राहिला तर हा दाब ८० ते ९० मिलिमीटरवर जातो. पोटरीचा पंप बंद आणि रक्ताचा सारा स्तंभ घोट्यावर उभा, अशी ही अवस्था असते. वर्षानुवर्षे असेच चालले की नीला ताणल्या जातात, झडपांच्या पाकळ्या एकमेकींना मिळेनाशा होतात, शिरा दोरासारख्या फुगून दिसू लागतात. पुढे घोट्याभोवतीची कातडी काळवंडते, खाजते, कडक होते. आणि एखादे दिवशी साध्या खरचटण्याचे निमित्त होऊन तेथे अशी जखम होते की जी महिनोन्महिने भरून येत नाही. डॉक्टर याला व्हेरिकोज व्हेन्स आणि व्हेरिकोज अल्सर म्हणतात. बायका ‘पायाच्या शिरा’ एवढेच म्हणतात, आणि तेही बहुधा एकमेकींतच.

हा मुळात बायकांचाच रोग, असे सांगण्याची रीत आहे. गरोदरपणात शरीरातील रक्ताचे प्रमाण ४० ते ५० टक्क्यांनी वाढते, संप्रेरकांमुळे नीलांच्या भिंती सैल पडतात, वाढत्या गर्भाचा भार ओटीपोटातील नीलांवर पडतो. हे सारे खरे आहे. परंतु एडिंबरा शहरात १८ ते ६४ वयाच्या १,५६६ स्त्रीपुरुषांची प्रत्यक्ष तपासणी करून १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत फुगलेल्या मोठ्या शिरा पुरुषांत ४० टक्के, तर स्त्रियांत ३२ टक्के आढळल्या. रुग्णालयाच्या दारात कोण येते यावरून रोग कोणाचा हे ठरविण्याची सवय अभ्यासकांनाही होती, ती या पाहणीने मोडली. दुसरीकडे, डेन्मार्कमधील कामकरी लोकसंख्येचा १२ वर्षे मागोवा घेऊन २००५ साली मांडलेल्या अभ्यासात असे दिसले की, बहुतांश वेळ उभ्याने काम करणाऱ्या स्त्रियांना फुगलेल्या शिरांसाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचे प्रमाण इतर कामकरी स्त्रियांच्या सुमारे पावणेदोन पटीहून अधिक होते. तेव्हा बाईच्या देहाला दोष देऊन हा विषय मिटविता येत नाही. कोणाला उभे ठेवले जाते आणि किती वेळ, हा प्रश्न उरतोच.

येथवरचा भाग निदान वैद्यकाच्या पुस्तकांत तरी सापडतो. त्यानंतरचा भाग कोठेच लिहिला जात नाही.

रात्री आडवे पडल्यावर पोटऱ्यांत गोळे येतात, झोप तुटते. तुटलेल्या झोपेवर दुसरा दिवस उभ्याने काढावयाचा असतो. दुकानात चेहरा हसरा ठेवणे हे पगारातच धरलेले काम असल्याने दुखण्याची खूण चेहऱ्यावर उमटू देता येत नाही. पाय झाकण्याची सोय साडी करून देते. तीच सोय पुढे घात करते, कारण घरच्यांनाही रोग दिसतो तो फार उशिरा. अविवाहित मुलगी पाय दाखविण्यास धजत नाही; स्थळे पाहिली जात असताना ‘पायाला काही आहे’ ही बातमी घराबाहेर जाऊ नये याची काळजी आईच घेते. विवाहितेला वाटते, शस्त्रक्रिया सांगितली तर चार आठवडे घर कोण चालवील आणि दुकानातील जागा कोण राखील. आणि जिच्या पायाला जखम झाली आहे तिच्या वाट्याला येते ती लाज: पट्टीतून झिरपणारे पाणी, त्याचा वास, बसमध्ये शेजारच्या बाईने सरकून बसणे. मग ती लग्नकार्याला जात नाही, हळदीकुंकवाला जात नाही, भजनाला जात नाही. घरात तिला ‘चिडकी’ म्हणतात. तिचे स्वतःचे म्हणणे असे असते की, आपण आता कोणाच्या कामाच्या उरलो नाही.

या अवस्थेला वैद्यकात नैराश्य आणि चिंताविकार अशी नावे आहेत. बाह्यरुग्ण विभागातील डॉक्टर ‘दुखते कधीपासून’ असे विचारतो. ‘झोप लागते का’, ‘रडू येते का’, ‘जीव नकोसा वाटतो का’ हे विचारण्यास त्याला वेळ नसतो, कारण बाहेर रांग असते. हा त्याचा वैयक्तिक दोष नव्हे. पण याचा परिणाम असा होतो की, एकाच बाईचा पाय एका खिडकीवर जातो आणि तिचे मन कोणत्याच खिडकीवर जात नाही.

मन आणि जखम यांचा संबंध केवळ बोलण्यापुरता नाही. अमेरिकेतील ओहायो राज्यात १९९५ साली केलेला एक लहानसा प्रयोग या दृष्टीने बोलका आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या नातलगाची अहोरात्र शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि तशी जबाबदारी नसलेल्या, वय व उत्पन्न यांत त्यांच्याशी जुळणाऱ्या दुसऱ्या १३ स्त्रिया, यांच्या हातावर सारख्याच मापाची साडेतीन मिलिमीटरची जखम करण्यात आली. दुसऱ्या गटातील जखमा सरासरी ३९ दिवसांत भरल्या. शुश्रूषेच्या ओझ्याखाली असलेल्यांच्या जखमांना सरासरी ९ दिवस अधिक लागले. प्रयोगातील स्त्रियांची संख्या थोडी होती हे मान्य करूनही त्याचा अर्थ दुर्लक्षिण्यासारखा नाही. वेल्समधील पायांच्या जुनाट जखमा असलेल्या ५३ रुग्णांच्या अभ्यासातही, २००१ साली, चिंता आणि नैराश्य यांची पातळी जितकी अधिक तितकी जखम भरण्यास दिरंगाई, असाच संबंध दिसून आला. म्हणजे जखमेने मन खचते आणि खचल्या मनाने जखम लांबते. दुकानातून सुटून घरी दुसरी पाळी करणाऱ्या, सासूचे किंवा सासऱ्याचे आजारपण काढणाऱ्या बाईला पट्टी बांधून परत पाठविणारा दवाखाना अर्धाच उपचार करीत असतो.

हे कोडे पुस्तकांच्या आधी सुटले ते केरळातील कोळिकोडच्या बाजारपेठेत, मिठाई तेरुवु या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रस्त्यावर. तेथील दुकानांतून काम करणाऱ्या स्त्रियांना बसण्यास जागा नव्हती आणि लघवीलाही जागा नव्हती. त्या दिवसभर पाणी पीत नसत. मूत्रमार्गाचे विकार आणि पायांच्या शिरा ही या दोन अभावांची दोन फळे. शिवणकाम करणाऱ्या पी. विजी यांनी २०१० च्या सुमारास या स्त्रियांना एकत्र आणण्यास प्रारंभ केला. त्यांच्या गटाचे नाव ‘पेण्कूट्टु’. मल्याळममधील या शब्दाचे मराठी भाषांतर ‘महिला संघटना’ असे करणे सोपे आहे, पण त्यात अर्थ निसटतो. ‘कूट्टु’ म्हणजे सोबत. बायकांची सोबत. पहिली मागणी स्वच्छतागृहाची होती, बसण्याची मागणी नंतर पुढे आली. त्रिशूरमधील साड्यांच्या एका मोठ्या दुकानातील विक्रेत्यांनी २०१४ च्या डिसेंबरात सुरू केलेला संप शंभराहून अधिक दिवस चालला. मल्याळममध्ये या लढ्यास ‘इरिक्कल समरम्’ असे नाव पडले, म्हणजे बसण्याचे समर. इतरत्र कामगार मागणी पुढे रेटण्यासाठी ठिय्या मारतात. येथे ठिय्या मारता यावा हीच मागणी होती.

या लढ्याच्या बैठकांत काय घडत असेल याची कल्पना करणे अवघड नाही. ज्या बाईने आपला पाय नवऱ्यालाही नीट दाखविला नव्हता, ती पाच बायकांत बसून निऱ्या वर घेते आणि तिला दिसते की, पाचांपैकी तिघींच्या पोटऱ्यांवर तशाच निळ्या गाठी आहेत. एवढ्या एका क्षणात लाजेचे कारण बदलते. रोग तिच्या नशिबाचा किंवा देहाचा राहत नाही, दुकानाचा होतो. मानसोपचाराच्या परिभाषेत याला काय म्हणावयाचे ते तज्ज्ञांनी ठरवावे. परंतु एकाकीपणा हाच ज्या दुखण्याचा गाभा आहे, त्यावर सोबत हे औषध आहे आणि ते त्या स्त्रियांनी स्वतःच शोधून काढले.

केरळ सरकारने २०१८ च्या ऑक्टोबरात वटहुकूम काढून १९६० च्या दुकाने व व्यापारी आस्थापना कायद्यात दुरुस्ती केली आणि बसण्याची सोय मालकावर बंधनकारक केली. तामिळनाडूने २०२१ च्या सप्टेंबरात आपल्या १९४७ च्या कायद्यात कलम २२-अ घालून तीच वाट धरली. डाव्या चळवळीस यात अभिमान वाटण्यासारखे बरेच आहे. वटहुकूम काढणारे सरकार डाव्या लोकशाही आघाडीचे होते. पण अभिमानाबरोबर थोडी आत्मटीकाही हवी. हा प्रश्न प्रथम उचलला तो प्रस्थापित कामगार संघटनांनी नव्हे, तर त्यांच्या कक्षेबाहेर राहिलेल्या, सभासद म्हणून कोणी मोजल्या नाहीत अशा बायकांनी. वेतन, बोनस, कामाचे तास यांच्या मागणीपत्रात स्टूल हा विषय किरकोळ वाटत होता, आणि बायकांनी रडण्याचा विषय तर मागणीपत्रात बसणाराच नव्हता.

अजूनही कार्यकर्त्यांत असे म्हणणारे आहेत की, मानसिक आरोग्य ही सुखवस्तू मध्यमवर्गाची चैन आहे. कष्टकऱ्याला आधी वेतन द्या, बसावयास जागा द्या, मन आपोआप ताळ्यावर येईल. या म्हणण्यात अर्धे सत्य आहे म्हणूनच ते घातक आहे. स्टूल मिळाल्याने नवी शीर फुगण्याचे टळेल किंवा लांबेल. जी फुगली आहे ती बसून जात नाही, आणि जी बाई पाच वर्षे बाहेर पडणे टाळत आली ती कायद्याची प्रत वाचून बाहेर पडत नाही. शिवाय असे म्हणणारे हे विसरतात की, सुखवस्तू वर्गातील स्त्रीला डॉक्टर बदलण्याची, दाबाचे मोजे विकत घेण्याची, पाय वर करून पडून राहण्याची मुभा असते. खचण्याचा भार ज्यांना परवडत नाही त्यांच्यावरच तो अधिक पडतो.

तज्ज्ञांची संख्या वाढेपर्यंत थांबावे, हा दुसरा युक्तिवाद. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत निरनिराळ्या मनोविकारांसाठी उपचारांविना राहणाऱ्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान आढळले. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली आणि जिल्हा कार्यक्रम १९९६ साली सुरू होऊनही ही स्थिती होती. २०२२ च्या ऑक्टोबरपासून १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीने सल्ला मिळतो, ही सोय स्वागतार्ह आहे. मात्र एका खोलीच्या घरात सासूसमोर बसून कोणत्या बाईने त्या क्रमांकावर मनातले बोलावे?

येथे गोव्याचा अनुभव उपयोगी पडतो. तेथे १२ सरकारी आरोग्य केंद्रे आणि १२ खासगी दवाखाने निवडून ‘मानस’ नावाचा प्रयोग करण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. डॉक्टर नसलेल्या, स्थानिक, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी नैराश्य आणि चिंता असलेल्या रुग्णांशी बोलावयाचे, त्यांच्या घरची अडचण समजून घ्यावयाची, गरज पडली तरच औषध व मनोविकारतज्ज्ञ. सरकारी केंद्रांत या पद्धतीने सहा महिन्यांत सुमारे ६६ टक्के रुग्ण बरे झाले. ज्या सरकारी केंद्रांत ती नव्हती तेथे सुमारे ४२ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र दोन्ही बाजूंत तसा फरक दिसला नाही. खासगी डॉक्टर आपल्या रुग्णांना आधीच अधिक वेळ देत असावेत, असे एक स्पष्टीकरण त्यावर दिले जाते आणि ते खरेही असू शकेल. पण सार्वजनिक आरोग्यसेवेत माणूस आणि वेळ घातला तर ती फळते, हे या आकड्यांतून सिद्ध होते. आणि तिच्यावरील खर्चाला कात्री लावणाऱ्यांना उत्तर देताना हे आकडे कार्यकर्त्यांच्या जिभेवर असावयास हवेत.

पायाच्या जखमेसाठी याच तत्त्वावर उभे राहिलेले उदाहरण इंग्लंडमधील आहे. सफोक परगण्यातील बारम या खेड्यात एली लिंडसे या परिचारिकेने १९९५ साली ‘लेग क्लब’ सुरू केला. जागा रुग्णालयाची नव्हे, गावच्या सभागृहाची. जखम असलेले, बरे झालेले आणि नुसतेच सोबतीला आलेले सारे तेथे ‘रुग्ण’ नव्हे, ‘सभासद’. पट्ट्या एकमेकांच्या देखत बदलल्या जातात, चहा होतो, गप्पा होतात, आणि ज्याची जखम भरली तो पुढच्या आठवड्यात नव्याला धीर द्यावयास येतो. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड येथे ६७ रुग्णांचे दोन गट पाडून या पद्धतीची परीक्षा झाली: एका गटाला परिचारिका घरी जाऊन उपचार देत, दुसरा क्लबात जमे. पट्टी तीच, परिचारिकांचे प्रशिक्षण तेच. क्लबात जमणाऱ्यांच्या जखमा अधिक भरल्या, वेदना अधिक कमी झाल्या, आणि मनाची उभारीही वाढली. कोळिकोडच्या बायका ज्याला ‘कूट्टु’ म्हणत होत्या, त्याचेच हे दुसरे रूप.

कायद्याची बाजू थोडक्यात. उभ्याने काम करणाऱ्या कामगारास, कामात विश्रांतीची संधी मिळेल तेव्हा बसता यावे, ही तरतूद भारतात १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ४४ मध्येच होती. ब्रिटनमध्ये तर १८९९ सालीच दर तीन विक्रेत्या स्त्रियांमागे एक आसन ठेवण्याचा कायदा झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहितेतही बसण्याच्या सोयीचा उल्लेख आहे. परंतु सर्वसाधारणपणे १० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच ती लागू होते, आणि विक्रेत्यांचा फार मोठा भाग दोन-चार नोकरांच्या दुकानांत काम करतो. १९२३ च्या भरपाई कायद्यापासून चालत आलेल्या व्यावसायिक रोगांच्या यादीत शिशाची विषबाधा आहे, फुप्फुसात साठणारी सिलिकाची धूळ आहे. दहा तास उभे राहून फुगलेली शीर नाही. म्हणून उपचारासाठी घेतलेली रजा ही तिची खासगी अडचण समजली जाते आणि पगार कापला जातो. या यादीचा विस्तार ही मागणी केंद्रीय कामगार संघटनांच्या मागणीपत्रात यावयास हवी, आणि दुकान कितीही लहान असले तरी बसण्याचा हक्क लागू असावा ही मागणी राज्याराज्यांच्या विधिमंडळांत.

ज्या कामासाठी विधिमंडळाची वाट पाहावी लागत नाही ते शाखांना आजच करता येईल. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा पालिकेच्या दवाखान्यात आठवड्यातील एक ठरावीक दुपार पायांच्या जखमांसाठी राखून घ्यावी, आणि ती दुकानांच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशीच असावी, नाहीतर विक्रेत्या येणारच नाहीत. दाबपट्टी बांधण्यापूर्वी पायातील रोहिणीचा प्रवाह डॉक्टरने तपासणे अत्यावश्यक आहे. ते न करता घट्ट पट्टी बांधली तर पाय गमावण्याची वेळ येऊ शकते, तेव्हा या बाबतीत उत्साही स्वयंसेवकगिरी नको. पण बाहेरच्या बाकावर कोणी बसावे हे शाखेच्या हातात आहे. जिची जखम भरली आहे अशी एखादी बाई, आरोग्य खात्याकडून समुपदेशनाचे प्रशिक्षण घेतलेली, आणि त्या कामाचा मोबदला मिळणारी. कारण आशा कार्यकर्त्यांकडून जसे मानधनाच्या नावाखाली पूर्ण काम करून घेतले जाते, तसे आणखी एक विनामोल काम बाईच्या सेवाभावावर लादण्यात अर्थ नाही. तिने प्रत्येकीला तीन गोष्टी विचाराव्यात: रात्री किती वेळा जाग येते, शेवटच्या वेळी कोणाच्या घरी गेला होता, आणि दुकानात स्टूल आहे का. स्टूल असेल तर आणखी एक प्रश्न: ते कोणाच्या खाली असते? केरळात कायदा झाल्यानंतरही मालकाची नजर असेपर्यंत रिकाम्या स्टुलाशेजारी उभ्या राहणाऱ्या विक्रेत्या दिसतच राहिल्या, आणि त्यांच्यापैकी पहिली बसली ती शेजारची तिच्याबरोबर बसली तेव्हाच.